सिमल्याचा स्कँडल पॉइंट: पळवून नेण्याची कथा खोटी

सिमल्याचा मॉल रोड जिथे रिजला मिळतो, त्या स्कँडल पॉइंटवरून पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी व्हाइसरॉय कर्झन यांच्या मुलीला पळवून नेले, असे आजही पर्यटकांना ठामपणे सांगितले जाते. महाराजांचा जन्म 1891 चा. कर्झन यांनी 1905 मध्ये भारत सोडला तेव्हा त्यांची थोरली मुलगी अवघी 9 वर्षांची होती. काहीजण कर्झनऐवजी सरसेनापती किचनर यांचे नाव घेतात, पण ते तर आजन्म अविवाहित होते. उन्हाळी राजधानीचा सारा गोरा समाज 1887 च्या गेटी थिएटरसमोरच्या याच रस्त्यावर संध्याकाळी फिरायला येई, म्हणून गप्पा आणि कुजबुज यांवरूनच हे नाव पडले असावे, असे मला वाटते. एका लहान मुलीविषयीची ही बदनामी आता थांबावी.