बटणाची स्टाइल: चार बिटांपासून स्टाइलशीटपर्यंत

बटणाचा रंग बदलणं इतकं अवघड का, हा प्रश्न विंडोजच्या जुन्या एपीआयवर (म्हणजे प्रोग्राममधून विंडोजकडून काम करून घ्यायच्या आज्ञांवर) काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. उत्तर शोधायला १९८५ च्या विंडोज १.० पर्यंत मागे जावं लागतं. तिथे बटण म्हणजेही एक छोटी विंडोच, आणि ती तयार करताना ३२ बिटांचा एक स्टाइल-आकडा द्यायचा. वरचे १६ बिट सर्व विंडोंना समान, खालचे १६ त्या-त्या कंट्रोलच्या, म्हणजे बटण, यादी अशा घटकाच्या, मालकीचे.

बटणाचा प्रकार या आकड्याच्या शेवटच्या चार बिटांत बसवलेला आहे. साधं बटण ०, डिफॉल्ट बटण (एंटर दाबल्यावर चालणारं) १, चेकबॉक्स २, क्लिक करताच स्वतःहून टिक बदलणारा चेकबॉक्स ३, रेडिओ बटण ४. ७ म्हणजे ग्रुपबॉक्स, म्हणजे कंट्रोलांच्या गटाभोवतीची चौकट, जी मुळात दाबताच येत नाही. तरी ती बटणांच्याच कुटुंबात. गोम अशी की बाकीच्या स्टाइल ‘ऑर’ करून (बिट एकत्र करून) जोडता येतात, पण हे आकडे सुटे फ्लॅग, म्हणजे एकेका बिटाची स्वतंत्र खूण, नाहीत. चेकबॉक्सला डिफॉल्ट बटणाची स्टाइल जोडली, तर २ आणि १ मिळून ३ होतात आणि भलताच चेकबॉक्स हाती येतो. कंपायलर हूं की चूं करत नाही.

म्हणजे ‘स्टाइल’ या नावाखाली बटण काय करतं आणि कसं दिसतं, या दोन्ही गोष्टी कोंबल्या होत्या. मेमरी तुटपुंजी होती, त्यामुळे तो निर्णय मला तरी समजण्यासारखा वाटतो. फटका पुढे बसला. स्वतः रंगवायच्या बटणासाठी ‘ओनर-ड्रॉ’ आलं, तेही त्याच चार बिटांत, ११ क्रमांकावर. त्यामुळे बटण एकाच वेळी ओनर-ड्रॉ आणि डिफॉल्ट असू शकत नाही. त्यातच डायलॉग बॉक्स फोकस सरकेल तशी डिफॉल्टची स्टाइल या बटणावरून त्या बटणावर हलवत असतो. एंटर दाबल्यावर कोणतं बटण चालणार हे दाखवायची जबाबदारी मग प्रोग्रामरवर येते. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने थीम आणल्या, तेव्हा मॅनिफेस्ट (नवं रूप हवं असं विंडोजला सांगणारी फाइल) न जोडलेल्या प्रोग्रामची बटणं जुन्याच चौकोनी रूपात राहिली.

युनिक्सच्या बाजूला एक्स विंडो सिस्टिममध्ये रंग, फॉन्ट वगैरे रिसोर्स फाइलमध्ये लिहायची सोय होती. तिथल्या मोटिफ या टूलकिटच्या (तयार बटणं वगैरे पुरवणाऱ्या संचाच्या) बटणाचा रंग वापरणाराही कंपाइल न करता बदलू शके. जावाच्या स्विंग या टूलकिटने ‘लुक अँड फील’ बदलता येईल असं केलं. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या नव्या टूलकिटने २००६ मध्ये टोक गाठलं: बटण म्हणजे फक्त वागणूक, दिसणं सगळं टेम्प्लेटमध्ये. त्याच वर्षी क्यूटी या टूलकिटच्या ४.२ आवृत्तीत वेबच्या सीएसएससारखी स्टाइलशीट, म्हणजे रूपाचे नियम वेगळे लिहायची सोय, आली.

तिथेही सगळं सरळ नाही. क्यूटीच्या बटणाला नुसता पार्श्वभूमीचा रंग दिला तर तो दिसेलच असं नाही, कारण बटणाची नेटिव्ह (मूळ सिस्टिमच्या रूपातली) बॉर्डर त्यावर चढते. बॉर्डरही स्टाइलशीटमध्ये लिहिली की रंग उमटतो, पण मग दाबलेलं बटण, माउस वर आलेलं बटण, बंद बटण, या प्रत्येक अवस्थेचं रूपही आपणच लिहायचं.