अटोला: अंधारात आरोळी ठोकणारी जेलीफिश

'परग्रहावरचा जीव समुद्रात सापडला' अशा मथळ्याचा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. गडद लाल चकती, कडेने निळ्या प्रकाशाची फिरती वलयं. हा जीव याच पृथ्वीवरचा आहे आणि त्याला नाव मिळून जवळपास दीड शतक झालंय. ही अटोला वायव्हिलेई, खोल समुद्रातली जेलीफिश.

अटोला ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. वायव्हिलेई ही लॅटिनमधली षष्ठी विभक्ती, अर्थ 'वायव्हिलची'. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरचे समुद्र धुंडाळले. त्या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ चार्ल्स वायव्हिल थॉमसन यांच्या सन्मानार्थ जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८८० मध्ये हे नाव दिलं.

पण मला वेड लावलंय ते त्या निळ्या वलयांनी. भक्षकाने पकडलं की स्पर्शाचा संदेश तिच्या चेताजालातून, म्हणजे अंगभर पसरलेल्या चेतापेशींच्या जाळ्यातून पसरतो. प्रकाशपेशींमध्ये ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने ल्युसिफेरिन या रसायनाचं ऑक्सिडीकरण होतं आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. रंग निळाच, कारण समुद्राच्या पाण्यात ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सगळ्यात लांब पोचतो. लाल प्रकाश वरच्या थरांतच शोषला जातो, म्हणून लाल अटोला एरवी काळ्या पाण्यात काळीच, म्हणजे अदृश्य.

मग लपलेल्या जिवाने संकटात दिवे का लावावेत? उत्तर असं मांडलं जातं, की हा उजेड हल्लेखोरासाठी नाहीच. तो हल्लेखोराला खाणाऱ्या आणखी मोठ्या भक्षकासाठी आहे. हा मोठा भक्षक आला, की हल्लेखोराला जीव वाचवून पळावं लागतं आणि अटोला सुटते.

सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी हे पडताळायला अटोलाच्या प्रकाशाची नक्कल करणारी दिव्यांची चकती बनवली. तिच्याजवळचा कॅमेरा बहुतेक खोलसमुद्री जिवांना न दिसणाऱ्या लाल प्रकाशात चित्रण करत होता. २००४ मध्ये मेक्सिकोच्या आखातात चकती सुरू केल्यावर ८६ सेकंदांत विज्ञानाला अनोळखी असा एक मोठा स्क्विड (माकूळ) समोर आला. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ याच युक्तीने महाकाय स्क्विडचं त्याच्या खोल अधिवासात चित्रण झालं. अफवांना हवा देणाऱ्यांनी एकदा हे चित्रण बघावं.

अटोलाला बाकीच्या शुंडकांहून, म्हणजे कडेच्या धाग्यांसारख्या अवयवांहून, कितीतरी लांब असं एक शुंडक असतं. ते भक्ष्य पकडायला उपयोगी पडत असावं. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातून वर्णन झालेल्या अटोला रेनॉल्ड्सी या जातीला मात्र ते नाहीच. तिच्या नावातही तीच षष्ठी: माँटेरे बे मत्स्यालयाच्या पहिल्या स्वयंसेवकाची.