‘चाळीस वर्षं उभा आहे, म्हणजे पक्काच’: हे खरं का?

जुन्या पुलाबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहेही. पुलाने आजवर जड भार पेलला असेल, तर त्याची ताकद निदान त्या भाराहून कमी नव्हती, एवढं कळतं. अभियंते ही माहिती हिशेबात धरतात आणि अंदाज सुधारतात.

पण हा दाखला कालच्या पुलाचा. गंज आणि वारंवारच्या भाराने पडणाऱ्या सूक्ष्म भेगा ताकद खात राहतात, आणि भारही वाढत जातो. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा आय-३५डब्ल्यू पूल १९६७ मध्ये खुला झाला, १ ऑगस्ट २००७ ला कोसळला. १३ जण गेले. सांध्यांवरच्या काही पोलादी पट्ट्या मूळ आराखड्यातच हव्या त्याच्या जेमतेम निम्म्या जाडीच्या होत्या! त्यात नंतर पुलाचं वजन वाढलं, आणि त्या दिवशी वर दुरुस्तीचं सामान होतं.

म्हणून नुसतं वय पुरत नाही. आजची जाडी, भेगा, प्रत्यक्ष वाहतूक मोजून, ताकदीपेक्षा भार वरचढ ठरण्याची शक्यता काढतात. ती शून्य कधीच नसते. युरोपच्या बांधकाम-नियमांत (युरोकोड) नव्या, सामान्य इमारतींसाठीसुद्धा ५० वर्षांत साधारण १४,००० मध्ये १ एवढी शक्यता गृहीत धरलेली आहे.