क्लोजर आणि सेटअप मॅन: हात तोच, हिशेब वेगळा

बेसबॉल नव्याने बघायला लागलेल्या माणसाचा गोंधळ आठव्या इनिंगला हमखास होतो. ऑक्टोबरातले मोठे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतात, म्हणजे आठवी इनिंग येईस्तोवर दुसरा चहा झालेला असतो. संघ एका धावेने पुढे असतो. बुलपेनचं (राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेचं) दार उघडतं, एक धिप्पाड गडी येतो आणि प्रतिस्पर्ध्यांच्या तीन सर्वांत खतरनाक बॅटरना गारद करतो. आपल्याला वाटतं, वा, आता हाच सामना संपवणार. पण नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला भलताच पिचर (चेंडू टाकणारा) उगवतो, तळाच्या तिघांना बाद करतो, आणि फटाके, संगीत, मिठ्या सगळं त्याच्या वाट्याला जातं.

पहिला तो सेटअप मॅन, दुसरा क्लोजर. दोघंही रिलीफ पिचर. म्हणजे सुरुवातीचा पिचर दमला की येणारे. दोघंही साधारण एकेकच इनिंग टाकतात आणि दोघंही जीव तोडून टाकतात. लांबून बघितलं तर फरक कळत नाही, आणि जवळून बघितलं तरी चेंडूत तो फारसा सापडत नाहीच. तो सापडतो स्कोअरबुकात.

क्रिकेटचा डोळा इथे थोडा फसवतो. डेथ ओव्हर टाकणारा बॉलर पहिली ओव्हर टाकून बाजूला होतो आणि अठराव्या ओव्हरला परत येतो. बेसबॉलमध्ये पिचर एकदा बदलला की त्या सामन्यापुरता तो गेला, पुन्हा येणं नाही. त्यामुळे आपला सर्वांत चांगला रिलीफ पिचर नेमका केव्हा खर्च करायचा, हा मॅनेजरपुढचा खरा पेच असतो.

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं: आग लागली की. अशा पिचरला फायरमनच म्हणत. २ ऑक्टोबर १९७८ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्कचे यांकीज आणि यजमान रेड सॉक्स यांच्यात विभागाचा फैसला करणारा एकमेव सामना झाला. त्यात यांकीजचा गूस गॉसेज सातव्या इनिंगमध्येच आला आणि शेवटपर्यंत टाकत राहिला, पावणेतीन इनिंगच्या आसपास. सेटअप आणि क्लोजिंग, दोन्ही कामं एकाच हाताने.

मग ही वाटणी झाली कशी? यात एका पत्रकाराचा हात आहे. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६०च्या सुमाराला ‘सेव्ह’ ही नोंद सुचवली आणि १९६९ मध्ये मेजर लीगने ती अधिकृत केली. सेव्ह मिळवायचा तर आपला संघ जिंकलेला हवा, शेवटचा पिचर आपण असायला हवं आणि विजयाचं श्रेय आपल्या नावावर नको. शिवाय तीनपैकी एक अट पाळायची: जास्तीत जास्त तीन धावांच्या आघाडीवर येऊन किमान एक इनिंग टाकायची, किंवा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या पाठोपाठ उभा असताना यायचं, किंवा शेवटच्या तीन इनिंग नीट टाकायच्या.

पहिली अट पुन्हा वाचा. तीन धावांची आघाडी, बेसवर कोणी नाही, बाकी फक्त तीन बाद. अशा वेळी येऊन दोन धावा दिल्या तरी सेव्ह मिळतो! आणि आठव्या इनिंगला एका धावेची आघाडी, दोन बेस भरलेले, समोर प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत जबर बॅटर. तिथून संघाला सोडवलं, तरी सेव्ह नाही. त्यासाठी ‘होल्ड’ नावाची वेगळी नोंद १९८६ मध्ये निघाली. सेव्हची परिस्थिती असताना यायचं, किमान एक गडी बाद करायचा आणि आघाडी शाबूत ठेवून चेंडू पुढच्याच्या हाती द्यायचा. एका सामन्यात सेव्ह एकालाच मिळतो, होल्ड दोघा-तिघांना मिळू शकतात. पुढे संघ हरला तरी होल्ड काढून घेत नाहीत. म्हणूनच बहुतेक तो प्रसाद वाटल्यासारखा वाटतो, आणि अधिकृत नियमपुस्तकात त्याला आजही जागा नाही.

खरी गंमत, किंवा अन्याय म्हणा, तिसऱ्या नोंदीत आहे: ‘ब्लोन सेव्ह’, म्हणजे घालवलेला सेव्ह. सातव्या किंवा आठव्या इनिंगला आघाडी गेली तर तो डाग सेटअप मॅनला लागतो, पण आघाडी राखली असती तरी सेव्ह त्याला मिळणार नव्हताच, कारण नववी इनिंग दुसऱ्याची. त्यामुळे एखाद्या पिचरच्या नावापुढे दोन सेव्ह आणि पाच ब्लोन सेव्ह दिसले, तर तो कुचकामी आहे असं लगेच समजू नका. बहुधा तो सेटअप मॅन असेल, आणि त्याचे तीस होल्ड शेजारच्या रकान्यात गपगुमान बसलेले असतील.

नववी इनिंग एकाच्याच नावे करण्याची पद्धत पक्की झाली ती १९८८ नंतर. ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रूसा यांनी डेनिस एकर्स्ली या जुन्या स्टार्टरला जवळजवळ केवळ शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवलं. १९९२ मध्ये एकर्स्लीने ५१ सेव्ह केले आणि साय यंग (सर्वोत्तम पिचर) व एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) हे दोन्ही मान एकाच वर्षी पटकावले. मग बाकीचे संघ कशाला मागे राहतात? पण नववी इनिंग अशी कुलूपबंद झाली की सातव्या-आठव्याला कोणीतरी लागणारच. क्लोजर जन्मला तेव्हा त्याचा सेटअप मॅनही जन्मला.

या दोन्ही भूमिका एकाच माणसात बघायच्या तर मारियानो रिवेराकडे जावं. पनामातल्या पुएर्तो कायमितो या मासेमार गावातला हा पोरगा, वडील मासेमारी करायचे. १९९५ मध्ये तो यांकीजकडून स्टार्टर म्हणून उतरला. ते फारसं जमलं नाही. १९९६ मध्ये मॅनेजर जो टोरे यांनी त्याला सेटअपला टाकलं, कारण क्लोजर म्हणून जॉन वेटलंड होता. रिवेराने त्या मोसमात १०७ हून अधिक इनिंग टाकल्या आणि १३० बॅटरना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. सहा इनिंगनंतर आघाडीवर असताना यांकीज त्या वर्षी ७० सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. रिवेराचे सेव्ह किती? पाच. वेटलंडचे ४३, आणि वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, एमव्हीपीही वेटलंडच.

वेटलंड टेक्ससला गेला आणि १९९७ पासून रिवेरा क्लोजर झाला. सेव्ह ५ वरून थेट ४३ वर गेले, इनिंग मात्र १०७ वरून ७१ वर आल्या. माझं मत विचाराल तर १९९६ चा रिवेरा संघाला जास्त मोलाचा होता. पण त्या एका मोसमावर कोणी त्याचा पुतळा उभारला नसता. ६५२ सेव्हचा विक्रम आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमला ४२५ पैकी ४२५ मतं (एकमताने निवडून आलेला तो पहिलाच खेळाडू) हे सगळं नवव्या इनिंगचं देणं. हॉल ऑफ फेममध्ये मुख्यतः सेटअपचं काम केलेला रिलीफ पिचर आजवर एकही नाही.

म्हणजे फरक निव्वळ कागदी? अगदी तसंही नाही. सेटअप मॅनच्या पाठीशी कोणीतरी असतं, क्लोजरच्या मागे कोणी नसतं. २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. ॲरिझोनाविरुद्ध एका धावेची आघाडी घेऊन रिवेरा आठव्याला आला आणि नवव्यात लुइस गोन्झालेझच्या एका मऊ, कशाबशा लागलेल्या फटक्यावर मोसम संपला. असं झाल्यावर पुन्हा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभं राहायला वेगळी कातडी लागते, हे मला मान्य आहे.

तरी कागदाचा किंमतीवर परिणाम होतोच, आणि तोही रोकडा. यांकीजच्याच डेलिन बेटान्सेसने २०१४ मध्ये सेटअपचं काम करत १३५ स्ट्राइकआउट घेतले आणि रिवेराचा १९९६ चा संघविक्रम मोडला. सलग तीन वर्षं ऑल-स्टार झाल्यावर २०१७ मध्ये त्याने ५० लाख डॉलर मागितले. संघाने ३० लाख देऊ केले. प्रकरण लवादापुढे गेलं (लवादाला दोनपैकी एकच आकडा निवडावा लागतो, मधला नाही) आणि संघ जिंकला. वर संघाचे अध्यक्ष रँडी लेव्हिन जाहीरपणे म्हणाले की मी जसा अंतराळवीर नाही तसा बेटान्सेस क्लोजर नाही. पैसे वाचले होते, मग निदान गप्प बसायचं होतं.

मॅनेजर लोकांनाही हा हिशेब कधी कधी भोवतो. ४ ऑक्टोबर २०१६, टोरोंटो, हरलात तर मोसम संपला असा सामना. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या मोसमात ४७ पैकी ४७ सेव्ह केले होते. सामना बरोबरीत अकराव्या इनिंगपर्यंत लांबला, पण आघाडी येईल तेव्हा उतरवू म्हणून मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी त्याला बसवून ठेवलं. आघाडी आलीच नाही. एडविन एनकार्नासिओनने दुसऱ्याच पिचरला तीन धावांचा होम रन ठोकला आणि ब्रिटन एकही चेंडू न टाकता घरी गेला. त्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या टेरी फ्रँकोना यांनी अँड्र्यू मिलरला पाचव्या इनिंगपासून हवा तिथे वापरला, क्लोजरचं काम कोडी ॲलनकडेच ठेवून. मिलर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा एमव्हीपी ठरला.

रिवेराचा शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०१३ चा. यांकीज टँपा बेविरुद्ध चार धावांनी मागे होते, त्यामुळे सेव्हचा प्रश्न नव्हता आणि होल्डचाही. तो आठव्या इनिंगला आला, सेटअप मॅनसारखा, आणि नवव्यातही टाकत राहिला. चार बॅटर, चौघंही बाद. मग मॅनेजरऐवजी अँडी पेटिट आणि डेरेक जीटर हे जुने सोबती माउंडवर चालत आले आणि त्यांनी चेंडू मागितला. रिवेरा पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडला.