मांडवीचं गोडं पाणी आणि जहाज पोखरणारा शिंपला

समुद्र इतका जवळ असताना गोव्यातली जहाजं नदीत आत का बांधत? रायबंदरपासून जुन्या गोव्यापर्यंतचा मांडवीचा काठ पाहताना हा प्रश्न पडायला हवा. आदिलशाहीतच इथे जहाजबांधणी चालत होती. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी शहर जिंकलं, तेव्हा गोदी आणि कसबी सुतार त्यांना आयतेच मिळाले. पुढच्या भरभराटीचं श्रेय आपण व्हाइसरॉयना देऊन टाकतो. माझ्या मते त्यात नदीचा वाटा मोठा.

आडोसा आणि भरती-ओहोटी हे उघड फायदे. उधाणाच्या भरतीला जहाज काठाशी ओढायचं, पाणी उतरून ते कोरडं पडलं की तळ खरवडून कलाफत करायची, म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत धागे ठासून वर राळ भरायची. ना क्रेन, ना पंप.

खरा फायदा मात्र पाण्याच्या चवीत आहे. लाकडी जहाजाचा सर्वांत मोठा शत्रू वादळ नव्हे, तेरेदो. दिसायला अळी, पण हा आपल्या खाण्यातल्या तिसऱ्यांचा भाऊबंद, शिंपलाच. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो पिल्लू असतानाच फळीत शिरतो आणि आतच वाढतो. डोक्याकडच्या दोन चिमुकल्या शिंपल्यांनी लाकूड किसत जातो. ते पचवायला लागणारी विकरं त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू पुरवतात. बाहेरून फळी धडधाकट, आतून पोखरलेली!

त्याला खारं पाणी लागतं. पाणी गोडं झालं की तो भोकाच्या तोंडाशी झाकण लावून बसतो आणि काही आठवडे तग धरतो. पण घाटातून उतरणारं पावसाचं पाणी मांडवीची खाडी काही आठवडे नव्हे, महिनोन्महिने गोडी ठेवतं. तसंही त्या दिवसांत बाहेरच्या समुद्रात जावंच कोणी? आग्वादपाशी, नदीच्या मुखाशी, वाळूचा बांध आणि खवळलेल्या लाटा पावसाळ्यात वाट अडवतात.

उरलेलं काम सागाचं. त्यातली तेलं आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवीला नकोशी असतात. तेरेदोला साग पूर्णपणे रोखत नाही, म्हणून तळाला चुना आणि तेलाचा लेप द्यावा लागे. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागात ते टिकतात. 1560 च्या सुमारास गोव्यात बांधलेलं ‘सिंको शागास’ हे जहाज सुमारे 25 वर्षं चाललं. लिस्बन-गोवा मार्गावरची कित्येक जहाजं तीन-चार फेऱ्यांतच निकामी होत, हे ध्यानात घेतलं तर ही कामगिरी थोर म्हणायची.

नंतर काठावर खनिजाच्या लोखंडी बार्ज आल्या. त्यांना तेरेदोचं भय नाही. रायबंदरसमोरच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’लाही नाही: लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लास आणि इपॉक्सीचं कवच. 2009 मध्ये नौदलात आलेल्या या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, मग अभिलाष टॉमी यांनी न थांबता.

2025 मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ मात्र उलट दिशेने गेली. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यातच बांधलेल्या या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखर करणारं द्रव्य, भरपूर, म्हणून तो खाऱ्या पाण्यात सहजी कुजत नाही. आणि लाटेचा दणका बसला की शिवण किंचित सैल होऊन तो पचवते, खिळा तिथेच फळी चिरतो. इपॉक्सीऐवजी इथे राळ आहे. म्हणजे तेरेदोवर पुन्हा नजर ठेवणं आलं.