वेदना, दीर्घकालीन (अपघातोत्तर) : भरपाईचे दावे

अपघातातील जखम भरून आल्यावरही तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्‌भवणाऱ्या वेदनेबद्दल मागितलेली नुकसानभरपाई. तीन महिन्यांची मर्यादा वैद्यकातली आहे. भारतीय कायद्यात अशा दाव्यांचा स्वतंत्र वर्ग नाही.

या दाव्यांचा उगम सामान्यतः इंग्लंडमधील रेल्वे अपघातांत मानतात. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये, हाड मोडलेले नसताना केवळ गाडीच्या धक्क्यानंतर पाठदुखी, अशक्तपणा व निद्रानाश जडलेल्या प्रवाशांचे वर्णन केले आणि त्याचे कारण मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्यात व त्यातून होणाऱ्या दाहात शोधले. ‘रेल्वे स्पाइन’ या नावाने हे दुखणे न्यायालयांत गाजले. हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये याचा प्रतिवाद करून बहुतेक लक्षणे भीतीच्या धक्क्याची ठरवली. पेज एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हे ध्यानात ठेवावे लागते. तरी एरिक्सन यांचा मज्जारज्जूच्या दाहाचा तर्कही पुढे टिकला नाही. मूळ आणखी मागे, अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या मज्जातंतूंच्या जखमांनंतर उरणाऱ्या जळजळत्या वेदनेपर्यंत (डॉक्टर वीअर मिचेल व सहकारी, १८६४) नेता येते. वैद्यकीय वर्णन म्हणून ते आधीचे खरे, पण तेथे भरपाई मागण्यासाठी प्रतिवादी नव्हता. त्यामुळे दाव्याच्या इतिहासापुरते रेल्वेचे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘क्ष-किरणात काही दिसत नाही, मग दुखते कसे?’ हा विमा कंपनीच्या वकिलाचा आजचा प्रश्न पेज यांच्याच वळणाचा आहे.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. सध्याचा अर्ज १९८८ च्या कायद्याच्या कलम १६६ खाली होतो. राजकुमार वि. अजयकुमार या निकालात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. वेदना व यातना हे त्यात भरपाईचे एक स्वतंत्र शीर्षक आहे. मात्र दुखण्यामुळे कामच सुटले असेल, तर खरी रक्कम कमाईच्या शीर्षकाखाली येते आणि तेथे वयानुसार गुणक, म्हणजे वार्षिक नुकसानीला ज्या आकड्याने गुणायचे तो, लागतो (सरला वर्मा निकाल, २००९ : ३६ ते ४० वयासाठी १५). उपचार न करता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीबाबत २०१० च्या निकालाने सावध केले आहे. वेदनेला टक्के लावणे अवघडच; हालचालीचा कोन मोजता येतो, ठणका मोजता येत नाही. फौजदारी कायदा मात्र वेदना दिवसांत मोजतो. तीव्र शारीरिक वेदना २० दिवस राहिल्यास भारतीय दंड संहितेत ती दुखापत ‘गंभीर’ ठरे. भारतीय न्याय संहितेने (कलम ११६) हे दिवस १५ केले.

मुदतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोटार वाहन कायद्यातून १९९४ मध्ये काढून टाकलेली अर्जाची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आली व १ एप्रिल २०२२ पासून अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांत करावा लागतो. वेदना दीर्घकालीन ठरेपर्यंत त्यातले निम्मे दिवस सरलेले असतात.

नाशिकमध्ये हे अर्ज जिल्हा न्यायालयातील न्यायाधिकरणापुढे चालतात. अपील मुंबई उच्च न्यायालयात, ९० दिवसांत. पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याचे केसपेपर, अपंगत्वाचा दाखला ही नेहमीची कागदपत्रे. ‘मणक्यात गॅप आहे’ हे पक्षकाराचे शब्द साक्षीत चालत नाहीत. कोणता मणका, कोणती नस, हे एमआरआयच्या अहवालावरून डॉक्टरांनी सांगावे लागते. दोन तपासण्यांमध्ये मोठा खंड पडला, तर उलटतपासणीत तोच धरला जातो. निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षबागांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी मांडवाखाली हात वर धरून करायची असते. दुखऱ्या खांद्याचे अपंगत्व कागदावर थोडे दिसले, तरी अशा मजुराचे दोन्ही हंगाम जाऊ शकतात.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत कामावर झालेल्या अपघातांचा मार्ग वेगळा आहे : विमाबद्ध कामगारांसाठी पूर्वी राज्य कामगार विमा कायदा (१९४८) व इतरांसाठी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (१९२३) होता; नोव्हेंबर २०२५ पासून दोन्हींची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने (२०२०) घेतली.