जयघोष (ख्रिस्ती उपासनेतील)

जमलेल्या मंडळीने मोठ्या आवाजात, टाळ्या आणि वाद्यांच्या साथीने देवाची स्तुती करण्याची ख्रिस्ती प्रथा. तिचे मूळ यहुदी परंपरेत आहे. जुन्या करारात (बायबलच्या पहिल्या भागात) नव्या राजाचे स्वागत, लढाईतली ललकारी आणि मंदिरातली स्तुती या तिन्ही ठिकाणी गर्जना आहे. देवालाच राजा मानणाऱ्यांनी त्याच्यापुढेही तीच केली. बायबलमधल्या स्तुतिगीतांच्या पुस्तकातले, म्हणजे स्तोत्रसंहितेतले, ४७ वे स्तोत्र टाळ्या वाजवायला सांगते, १०० वे साऱ्या पृथ्वीला जयजयकार करायला लावते, आणि १५० वे कर्णा, वीणा, डफ, झांजा अशी वाद्ये मोजत जाते. नाचही त्यात आलाच.

नुसत्या आवाजावर मात्र बायबलचा भरवसा नाही. यरीहो नगराचा तट गर्जनेने कोसळला, हे संडे स्कूलच्या पोरांनाही तोंडपाठ असते. १ शमुवेल या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली गर्जना सहसा कोणी सांगत नाही. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) छावणीत येताच इस्राएली असे गर्जले की जमीन दणाणली, त्यांचे शत्रू पलिष्टी घाबरलेही. पण लढाईत इस्राएलाचे ३०,००० पायदळ पडले आणि कोश शत्रूच्या हाती गेला. जिथे न्याय नाही तिथला गाण्यांचा गोंगाट देवाला नको, असे आमोस संदेष्टा बजावतो. सर्वांत बोलका प्रसंग एज्रा या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा लोक आनंदाने ओरडत होते आणि पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठमोठ्याने रडत होते. आवाज दूरवर गेला, पण त्यात हर्ष कोणता नि आक्रोश कोणता, ते ऐकणाऱ्याला कळेना.

कॅथलिक उपासनेत जयघोषाला पंचांग आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘आलेलुया’ (‘देवाची स्तुती करा’) म्हणत नाहीत. ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आदल्या रात्रीच्या जागरविधीत तो परततो.

नागपुरात हा घोष उशिराच आला म्हणायचा. १८४५ मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, आणि त्या काळी त्या चर्चच्या उपासनेत ऑर्गनलासुद्धा जागा नव्हती. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलची अँग्लिकन उपासना प्रार्थनापुस्तकाच्या शिस्तीने चाले. मराठी मंडळीच्या गळ्याला मानवेल असा सूर दिला तो मुख्यतः कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९). बाप्तिस्म्यापूर्वी ते नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे काम करीत होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. टाळ, पेटी, तबला आले की माणूस आपसूक ठेका धरतो. त्याला ‘हात वर करा’ असे सांगावे लागत नाही. टिळकांचे हे काम परदेशी चालींच्या भाषांतरित गीतांपेक्षा खोल गेले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा प्रवाह पुणे जिल्ह्यातल्या केडगावचा. १९०५ मध्ये तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या: आधी पापांसाठी रडणे, मग गाणे आणि टाळ्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे गाजलेले धार्मिक पुनरुज्जीवन त्यानंतरचे, १९०६ चे. आजच्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) सभांमधली एकत्र, मोठ्या आवाजातली प्रार्थना याच जातीची.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेचे, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट असे निरनिराळ्या वळणाचे लोक एका चर्चमध्ये आले, तेव्हा किती मोठ्याने गायचे हा प्रश्नही सोबत आला. तो अजून सुटलेला नाही. ‘सर्व काही व्यवस्थित चालावे’ हा प्रेषित पौलाचा सल्ला (१ करिंथ १४) वडीलधारी पुढे करतात, तरुण १५० वे स्तोत्र. मराठी गीतामागून हिंदी कोरस, पेटीशेजारी गिटार आणि कीबोर्ड, हे आता नेहमीचे झाले आहे. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मात्र वाद नसतो: येशूच्या स्वागताचा ‘होसान्ना’ म्हणताना एरवी ओठातल्या ओठात गाणारेही आवाज चढवतात, आणि पोरे तेवढ्यात झावळीच्या पात्याचे क्रूस वळून घेतात.